पेटीची साथ कशी करावी: पट्टी विचारण्यापासून भैरवीपर्यंत

पाच-सहा वर्षं पेटी (हार्मोनियम) शिकलेले विद्यार्थी पहिल्यांदा ख्यालगायनाच्या साथीला बसतात तेव्हा बहुतेकांचं एकाच ठिकाणी बिनसतं. बोटं तयार असतात, राग माहीत असतो, तरीही दहा मिनिटांत गायक हातानंच ‘हळू’ अशी खूण करतो. तोवरचा सगळा रियाज स्वतंत्र वादनाचा झालेला असतो. साथीचा रियाज वेगळा असतो आणि तो सहसा कुणी करून घेतलेला नसतो. तो कसा करायचा आणि प्रत्यक्ष बैठकीत कशानंतर काय करायचं, ते इथे क्रमानं देतो आहे. बैठकीतला क्रम मोडू नका. पहिले चार टप्पे गायकानं तोंड उघडण्याआधीचे आहेत आणि साथ बिघडते ती बहुधा त्यांतच.

## १. गायकाशी आधी बोला

कार्यक्रमाच्या निदान दोन दिवस आधी बोला. पट्टी (गायकाचा सा ज्या स्वरपट्टीवर येतो ती) कोणती, राग कोणते, बडा ख्याल कुठल्या तालात आणि किती विलंबित (संथ), मागोमाग येणारा जलद छोटा ख्याल कुठल्या तालात, त्यानंतर ठुमरी, नाट्यपद की अभंग, हे सगळं लिहून घ्या. तानपुरे कसे लावणार हेही विचारा. मालकंसात पंचम वर्ज्य आहे, म्हणून तानपुरा मध्यमाचा असतो. पूरिया-मारव्याला बरेच गायक निषादाचा तानपुरा घेतात. हे आधी माहीत नसेल तर हात सवयीनं पंचमावर जाऊन टेकतो, आणि मालकंसात तसा एकदा जरी टेकला तरी रागाचं वातावरण मोडतं.

पट्टीबद्दल ‘काळी चारच्या आसपास’ (काळी चार म्हणजे सप्तकातली चौथी काळी स्वरपट्टी) एवढ्या उत्तरावर थांबू नका. घसा बसला असेल, दौऱ्याचा शीण असेल, तर गायक ऐन वेळी अर्धा सूर खाली येतो. काळी ४ सांगितली असेल तर पांढरी ५ आणि पांढरी ६ या शेजारच्या दोन्ही पट्ट्या हाताखालून घालूनच जा.

बंदिशींचे मुखडे (समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडणारी सुरुवातीची ओळ) फोनवर म्हणवून घ्या आणि ध्वनिमुद्रित करून ठेवा. पूर्ण बंदिश पाठ नसली तरी निभावतं. मुखडा मात्र बोलांसकट, कुठल्या मात्रेवरून उठतो आणि समेचा सूर कोणता, एवढं पक्कं हवंच. दोन तासांच्या मैफलीत शंभरेक वेळा तुम्ही गायकाबरोबर एकदम वाजवणार आहात तो मुखडाच.

तपासून पाहा: कागद न बघता प्रत्येक रागापुढे पट्टी, ताल आणि समेचा सूर सांगता येतो का? येत नसेल तर पुन्हा फोन करायला संकोच करू नका. चांगल्या गायकाला असा फोन आवडतो.

## २. पेटी तपासा

स्वतंत्र वादनाला चालणारी पेटी साथीला चालेलच असं नाही. साथीत बहुतेक वेळ हवा कमी आणि आवाज बारीक असतो, आणि पेटीचे दोष नेमके तेव्हाच उघडे पडतात.

भाता पूर्ण भरून हात काढा. एकही स्वरपट्टी दाबलेली नसताना तो हळूहळू मिटायला हवा. भसकन बसला तर हवा गळते आहे, आणि अशा पेटीवर लांब सूर धरताना दर दोन सेकंदांनी हिसका बसणार. मग अगदी कमी हवेवर प्रत्येक सूर एकेक करून वाजवा. दोन-तीन सूर उशिरा बोलणारे निघतात. जोरात वाजवताना ते कधीच लक्षात येत नाहीत. एखादा सूर न दाबताच गुणगुणत असेल तर धूळ अडकलेली असते किंवा स्वरपट्टी नीट बसत नसते. दुरुस्तीला द्यायची ती आठवडाभर आधी, आदल्या रात्री नाही.

ख्यालाला कपलर बंद ठेवा. त्यानं वरच्या सप्तकाचा सूर जोडला जातो आणि विलंबितात तो टोचतो. कायम वाजणारे आधारसूरही बंद ठेवा. ते काम तानपुऱ्याचं. सूरसंचांपैकी बड्या ख्यालाला माझ्या मते एक नर (मधल्या सप्तकाचा संच) पुरतो. खर्ज (खालच्या सप्तकाचा संच) जोडायचा तर भरदार पुरुषी आवाजामागे आणि तोही हलका. अभंगाला सगळे उघडता येतील.

## ३. घरचा रियाज

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. निदान तीन महिने धरा.

पट्ट्या फिरवणं. बहुतेकांचा रियाज पांढरी १ किंवा काळी १ मध्ये होतो आणि साथ करावी लागते काळी ४, काळी ५ मध्ये. बोटांची सगळी रचनाच बदलते. यमन घ्या. काळी १ मध्ये सा काळी १, रे काळी २, ग पांढरी ४, तीव्र म पांढरी ५, प काळी ४, ध काळी ५, नि पांढरी १. तोच यमन काळी ४ मध्ये: सा काळी ४, रे काळी ५, ग पांढरी १, तीव्र म पांढरी २, प काळी २, ध पांढरी ४, नि पांढरी ५. पहिल्या पट्टीत पंचम-धैवत लागोपाठच्या काळ्यांवर पडतात. दुसरीत धैवतासाठी बोट खाली पांढऱ्यावर उतरवावं लागतं. हा फरक बुद्धीला कळून भागत नाही, तो बोटाला कळावा लागतो. एक राग चार पट्ट्यांत (काळी १, पांढरी २, काळी ४, काळी ५) आळीपाळीनं रोज वाजवा. दुसरा राग घ्यायचा तो चारही पट्ट्यांत डोळे मिटून आलाप करता आल्यावरच.

स्केलचेंजर पेटी (जिच्यात स्वरपट्ट्यांचा पट सरकवून पट्टी बदलता येते) असली तरी हा रियाज टाळू नका. ऐन बैठकीत सरकवलेला पट नीट बसला नाही तर सूर फिसकटतात, आणि दुसऱ्याची पेटी वाजवायची वेळ आली की हात बांधल्यासारखे होतात.

मागे जाणं. यासाठी गाणारा माणूस लागतो. ध्वनिमुद्रणावर हे साधत नाही, कारण त्यात दुसऱ्या पेटीवाल्याची साथ आधीच असते आणि तुम्ही नकळत त्याच्या मागे जाता. गाणाऱ्या मित्राला एका रागाचा आलाप करायला सांगा आणि तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फक्त सा धरून ठेवा, बाकी काही नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक स्वरवाक्याचा फक्त शेवटचा सूर घ्या: तो जिथे थांबेल तिथे जाऊन थांबा. तिसऱ्या फेरीत पूर्ण वाक्य घ्या, पण त्याच्यापेक्षा एक सूर मागे राहून आणि निम्म्या आवाजात. दुसरी फेरी सोपी वाटते म्हणून विद्यार्थी ती उरकतात. गायक कुठे थांबणार हे आधी ओळखायची सवय तिथेच लागते. तिच्यावर जास्त दिवस घालवा.

ऐकणं. अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर, पुरुषोत्तम वालावलकर या पेटीवादकांच्या साथीच्या मैफली ऐका आणि एका वेळी एकच आवर्तन (तालाची एक फेरी) घ्या. गायकाकडे लक्ष न देता फक्त पेटी ऐका आणि ती कुठे गप्प आहे त्याच्या खुणा करा. मग तेच आवर्तन पुन्हा, पेटी कुठे सूर नुसता धरून आहे ते बघत. आपण जिथे चार सुरांची जागा घेतली असती तिथे ही मंडळी एका सुरावर भाता हलका करून बसलेली सापडतात.

ताल. बारा मात्रांचा विलंबित एकताल अंगात मुरवा. धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, क त्ता, धागे तिरकिट, धी ना. अतिविलंबितात एक मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. एवढ्या अंतरात मात्रा मोजत बसलात तर गाणं ऐकू येणार नाही, म्हणून ठेक्यातल्या खुणा ओळखा. ‘तिरकिट’ दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. दुसऱ्याच्या आधी ‘क त्ता’चा बंद बोल ऐकू येतो. तो ऐकला की समजायचं, आता मुखडा जवळ आला.

## ४. मंचावर बसणं आणि सूर जुळवणं

गायकाच्या डाव्या हाताला पेटी, उजव्या हाताला तबला, मागे तानपुरे. गायकाचा चेहरा आणि हात दिसतील असे थोडे तिरके बसा. नाकासमोर बघत बसलात तर खुणा चुकतात.

सूर जुळवण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा केला की संपूर्ण मैफल बेसूर जाते:

१. आधी पेटीवर पट्टी द्या. पेटीचा सूर मंचावर बदलता येत नाही, म्हणून तीच आधार.
२. पेटीच्या सा वर तानपुऱ्यांचे षड्ज, मग पंचम किंवा मध्यम. तानपुरा लागत असताना फक्त एकच सूर धरा, मधल्या आवाजात. भाता दाबाल तसा सूर किंचित हलतो, म्हणून हवा एकसारखी ठेवा.
३. तानपुरा लागल्यावर पेटी पूर्ण बंद करा आणि गायकाला नुसता तानपुरा ऐकू द्या. जवारी (तारेची झणकार) आणि बारीक फरक तो स्वतः बघेल.
४. शेवटी तबला, तानपुऱ्यावर.

सावध राहा: तानपुरा जुळत असताना पेटीवर रागाचे सूर चाळून बघू नका. ही चूक अतोनात होते. मागे बसलेला विद्यार्थी तार लावतो आहे आणि पुढे पेटीवर यमन चालू आहे, अशात तार लागणार कशी?

गांधाराचं मात्र आधीच समजून घ्या. पेटी समान अंतरांच्या बारा सुरांत लावलेली असते, तर गायक तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गांधाराला गळा मिळवतो. सा २६१.६ हर्ट्झचा धरला तर तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गांधार ३२७ हर्ट्झवर येतो आणि पेटीचा ३२९.६ वर. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर पेटीचा गांधार सुमारे १४ भाग चढा बोलतो. कोमल गांधार उलट सुमारे १६ भाग उतरा. पंचमात हा फरक जेमतेम दोन भागांचा, म्हणून तो खटकत नाही. यातून साथीचा नियमच निघतो: सा आणि प वर पेटी निर्धास्त थांबू शकते. गांधारावर गायक ठेहराव घेत असेल तेव्हा आवाज अगदी बारीक करा किंवा षड्जावर या. गांधार गाजवलात तर गायकाचा गळा दोन सुरांच्या कात्रीत सापडतो, आणि श्रोत्यांना मात्र गायकच बेसूर वाटतो.

माइक पेटीच्या मागच्या बाजूला, सूर बाहेर पडतात तिथे, पण चिकटून नको. मॉनिटरमध्ये पेटी कमी आणि गायक जास्त मागा.

तपासून पाहा: आपल्या पेटीपेक्षा गायकाचा आवाज आपल्याला मोठा ऐकू येतो का? येत नसेल तर पेटी मोठी आहे, मग ध्वनियंत्रणेवाला काहीही म्हणो.

## ५. पहिली दोन मिनिटं

गायक सा लावतो, रागाची दोन-चार वाक्यं घेतो. या वेळात सा धरा आणि बाकी काही करू नका. गळा जागेवर येत असतो, मंचाचा आवाज गायक अजमावत असतो. त्याच्या पहिल्या वाक्याची पेटीवर नक्कल करणं हा नवशिक्यांचा ठरलेला उतावीळपणा. दोन-तीन वाक्यांनंतर त्याचे सूर स्थिरावले की शेवटचा सूर हलकेच धरायला सुरुवात करा. मुखडा घेऊन तो पहिल्या समेवर येईल तिथे मात्र नेमके हजर राहा.

## ६. बडा ख्याल

खरी परीक्षा इथे होते. यमनमध्ये गायिकेनं ‘मंद्र नि, रे, ग’ असं वाक्य घेतलं आणि गांधारावर थांबली असं समजा. ती नि वर असताना तुम्ही सा सोडून भाता हलका करता. ती रे वर आली की तुम्ही नि ला स्पर्श करता. ती ग वर पोचून स्थिरावते तेव्हा तुम्ही रे वरून ग वर येता, पण तिच्या निम्म्या आवाजात, आणि सूर पुरता ऐकू येण्याआधीच हवा कमी करू लागता. ती ‘रे सा’ म्हणत उतरली की मागोमाग उतरा आणि सा वर पूर्ण टेका. आता ती श्वास घेते. ही पोकळी दीड-दोन सेकंदांची. तिथे तिच्याच ‘ग रे सा’ची पुसट आठवण द्या किंवा सा नुसता धरून ठेवा.

या पोकळीत हात शिवशिवतात. पंचमाला जाऊन यावंसं वाटतं, तीव्र मध्यमाची एखादी छान जागा सुचते. जाऊ नका. बढत (रागाचा विस्तार) सुरासुरानं होते. गायक वीस मिनिटं पंचम राखून ठेवतो तो योग्य क्षणी लावण्यासाठी. गायकानं अजून न दाखवलेला सूर पेटीनं दाखवायचा नाही. पेटीतून पंचम आधीच वाजून गेला तर गायिकेनं तो लावल्यावर सभागृहातून येणारी दाद येत नाही, आणि का आली नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. या लेखातला एकच नियम लक्षात राहणार असेल तर तो हा असू द्या.

दुसरी गोष्ट वजनाची. भूप आणि देशकार यांचे सूर तेच पाच: सा रे ग प ध. भूपात वजन गांधारावर, देशकारात धैवतावर. देशकार चालू असताना तुम्ही पोकळीत गांधारावर रेंगाळलात तर सूर एकही चुकलेला नसतो, पण राग बदललेला असतो. मारवा, पूरिया आणि सोहनीचंही तसंच: मारव्यात रे-ध, पूरियात ग-नि, सोहनी उत्तरांगात (सप्तकाच्या वरच्या भागात). थांबायचं ते गायक थांबेल त्याच सुरावर. स्वतःच्या पसंतीचा थांबा निवडू नका.

मुखडा आला की पवित्रा बदला. दुसरा तिरकिट ऐकला की भाता भरून ठेवा. गायकानं मुखड्याचा पहिला बोल उच्चारला की इथे मागे राहायचं नाही, त्याच्या बरोबरीनं, बोलांच्या वजनानं आणि भरल्या आवाजात समेवर यायचं. सम झाली की लगेच आवाज खाली. हा चढ-उतार दर आवर्तनाला जमला पाहिजे. सगळं आवर्तन एकाच आवाजात वाजवलं तर समेला उठाव येत नाही.

## ७. मींड, कण आणि आंदोलन

पेटीत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती भासवताना लोक काय करतात ते सांगतो. भूपात गायक पंचमावरून गांधारावर मींडेनं येतो आणि पेटीवाला मधल्या सगळ्या स्वरपट्ट्यांवरून बोट घसरवतो. वाटेत दोन्ही मध्यम वाजून जातात, आणि मध्यम तर भूपात वर्ज्य! मालकंसात मध्यमावरून वर कोमल धैवताला जाताना असाच पंचम घुसतो.

योग्य रीत अशी: गांधाराची स्वरपट्टी दाबा आणि मगच पंचम सोडा, म्हणजे निमिषभर दोन्ही एकत्र राहतात. त्याच क्षणी भाता हलका करा, गांधार स्थिर झाल्यावर पुन्हा किंचित भरा. डावा हात जमला तर कानाला सूर ओघळल्यासारखा वाटतो. दोन्ही सूर जास्त वेळ एकत्र राहिले तर ते कानाला ठोकळ लागतं. रोज दहा मिनिटं फक्त हेच करा, एकाच जोडीवर.

कणस्वर पेटीवर चांगले निघतात, तिथे कंजूषपणा नको. भीमपलासीत कोमल गांधार मध्यमाचा कण घेऊन आणि कोमल निषाद षड्जाचा कण घेऊन येतो. मध्यमाला निसटता स्पर्श करून गांधारावर या. सरळ गांधार दाबलात तर भीमपलासीची ओढ हरवते.

आंदोलनाच्या वाटेला मात्र जाऊ नका. दरबारीतला कोमल गांधार गायक अतिशय संथपणे झुलवतो आणि तो पेटीवरच्या कोमल गांधारापेक्षा उतरा असतो. स्वरपट्टी वरखाली करून त्याची नक्कल केली तर तोतरेपणा ऐकू येतो. तो गांधारावर असेपर्यंत सा किंवा रे बारीक धरा आणि तो ‘रे सा’ करत उतरला की तिथे भेटा. तोडीतल्या रिषभ-गांधारालाही हीच रीत.

## ८. ताना आणि छोटा ख्याल

द्रुत तानेच्या बरोबरीनं धावू नका. तान गायकाच्या मनात असते, तुम्हाला ती कुठे वळणार ठाऊक नसतं, आणि पाठलागात दोन ताना एकमेकींत गुंततात. तान सुरू झाली की सा धरा, शेवटचे चार-सहा सूर ओळखू आले की ते पकडून मुखड्यावर या. ठरलेल्या सरळ सपाट ताना बरोबरीनं वाजवणारे साथीदार आहेत, पण ते त्या गायकाबरोबर वर्षानुवर्षं बसलेले असतात.

छोट्या ख्यालात बंदिशीची चाल बरोबरीनं वाजवायची, म्हणून टप्पा १ मधलं मुद्रण इथे उपयोगी पडतं. लय वाढवणं गायक आणि तबलजी यांचं काम. पेटीनं लय ओढायची नाही.

## ९. गायक जागा देतो तेव्हा

कधी गायक तुमच्याकडे बघून हात पुढे करतो: वाजवा. एक आवर्तन, फार तर दोन. त्यानं आतापर्यंत उलगडलेल्या भागातच राहा, त्याच्याच एखाद्या वाक्यापासून सुरुवात करा, आणि मुखडा त्याला उचलता येईल असा समेच्या चार मात्रा आधी मोकळा करून द्या. दाद मिळाली म्हणून तिसरं आवर्तन घ्यायचं नाही. मंचावर पेटीबरोबर व्हायोलिन किंवा सारंगी असेल तर कोण कधी हे बसण्याआधीच ठरवा.

## १०. ठुमरी, नाट्यपद, अभंग

ठुमरीत गायक एकाच बोलाची वेगवेगळ्या सुरांतून मनधरणी करतो, मिश्र सूर येतात. इथे पेटीला थोडं जास्त बोलता येतं, पण येणारा विवादी (रागाबाहेरचा) सूर ऐकल्याशिवाय वाजवायचा नाही. शेवटी लग्गी (तबल्याचं जलद, मोकळं वादन) सुरू झाली की मुखडा किंवा त्यातली एक ओळ एकसारखी वाजवत राहा, म्हणजे तबलजी मोकळा होतो.

नाट्यपदाची चाल श्रोत्यांना पाठ असते. चाल चुकली तर ती पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळते. म्हणून पद पूर्ण बसवूनच जा, सुरुवातीच्या आणि मधल्या वाद्यखंडांसकट. गायक मध्ये आलाप-ताना घेईल तिथे ख्यालाचे नियम लागू होतात.

अभंगात आवाज मोकळा करा. टाळ, पखवाज, मागची कोरस यांत बारीक पेटी बुडून जाते. ध्रुवपद भरून वाजवा, चरणाला आवाज कमी करा म्हणजे शब्द पोचतील. संतांचे शब्द ऐकायलाच माणसं आलेली असतात. भैरवीनं शेवट असेल तर तिच्यात बाराही सूर येऊ शकतात. तिथे गायकाच्या नेहमीपेक्षा किंचित आणखी मागे राहिलात तर सुरक्षित.

## ११. एकल तबल्याला लेहरा

इथे सगळे नियम उलटे होतात. तबलजी काहीही करो, तुम्ही बदलायचं नाही. त्रितालाच्या १६ मात्रांत बसलेली एक धून, सम आणि खाली (तालातली टाळी नसलेली जागा) स्पष्ट, तीच पुन्हा पुन्हा. हरकत नको, आलाप नको. कायदा (तबल्याची बांधलेली रचना) दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत, झाला की हात आपोआप पळू लागतो, ही ठरलेली चूक. घरी लयमापकावर (मेट्रोनोमवर) पंधरा मिनिटं एकच लेहरा वाजवा, लयमापक मध्येच मुका करा आणि दोन मिनिटांनी पुन्हा चालू करून किती सरकलात ते बघा. लय वाढवायची ती तबलजीनं खूण केल्यावरच.

## १२. बैठकीत काही बिघडलं तर

सम हरवली: धून वाजवणं थांबवा, सा धरा, ‘क त्ता’ किंवा खालीची जागा ऐका, पुढच्या मुखड्याला सामील व्हा. अंदाजानं समेवर ठोका देऊ नका; त्यानं गायकही चुकतो.

गायकाचा सूर उतरला: तो गात असताना वरून सूर देऊ नका. श्वासाच्या पोकळीत सा जरा ठळक करा. एवढी सूचना पुरते.

तानपुरा उतरला: एसीनं आणि दिव्यांच्या उष्णतेनं तारा हलतातच. दोन रागांच्या मध्ये थांबून पुन्हा टप्पा ४ चा क्रम करा. गाणं चालू असताना फक्त मागे वळून नजरेनं सांगा.

गायकानं अचानक पट्टी बदलली: घाईनं राग शोधू नका. नवीन सा आणि प पकडा, पहिलं आवर्तन त्या दोन सुरांवर काढा. चार पट्ट्यांचा रियाज केला असेल तर दुसऱ्या आवर्तनापर्यंत बोटं जागा सापडवतात.

सूर अडकून वाजत राहिला: ती स्वरपट्टी बोटानं हलकेच वर उचलून बघा. थांबला नाही तर भाता सोडा आणि बंदिश संपेपर्यंत गप्प बसा. गाणं तानपुऱ्यावर आणि तबल्यावर चालतं, अडकलेल्या सुराबरोबर चालत नाही.

मैफलीचं ध्वनिमुद्रण मिळवा आणि दोन दिवसांनी ऐका. त्याच रात्री ऐकलंत तर कार्यक्रमाच्या भरात दोष ऐकू येत नाहीत. बड्या ख्यालाची पहिली दहा मिनिटं घ्या आणि वहीत तीनच गोष्टी मांडा: पेटी गायकाच्या पुढे किती वेळा गेली, न दाखवलेला सूर किती वेळा वाजला, आणि मुखड्याला पेटी किती वेळा उशिरा पोचली. ज्या रकान्यात आकडा मोठा असेल त्यावर पुढच्या महिन्याचा रियाज लावा: पहिल्या दोन रकान्यांसाठी टप्पा ३ मधल्या तीन फेऱ्या, तिसऱ्यासाठी एकतालाचा ठेका.